शेकोटीपासून लांब बसा

6 डिसेंबर 1812. स्मॉर्गोन गावाच्या आसपास, विल्ना शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही चालताय. मॉस्को सोडून सात आठवडे होत आले. तुम्ही नेपोलियनच्या पायदळातले एक शिपाई. पलटण म्हणावी असं काही उरलेलं नाही. पुढच्याची पाठ दिसतेय तोवर तिच्या मागे जात राहायचं. सम्राट काल रात्रीच पॅरिसच्या वाटेला लागला, हे तुमच्या कानावर आलेलं नाही. थंडी आहे उणे 30 अंश रेओम्यूर, म्हणजे आपल्या सेल्सिअसच्या हिशेबात उणे 37 च्याही खाली. बुटांचे तळ कधीच गेलेत, पायांना चिंध्या गुंडाळल्यात.

सकाळी बोटांत जीवघेणी कळ होती. हृदय-मेंदूची ऊब वाचवायची म्हणून शरीरानं हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरल्यात. मधूनमधून त्या जरा सैल होतात, गरम रक्त बोटांपर्यंत पोचतं, ठणका लागतो, की पुन्हा आवळतात. उपाशी, दमलेल्या देहाला तेवढंही फार वेळ झेपत नाही. कातडीचं तापमान 10 अंशांच्या आसपास उतरलं की संवेदना जाते. दुपारी कळ थांबते आणि तुम्हाला हायसं वाटतं. घात होतो तो इथे.

चिंधी सोडून बघा. अंगठा पांढराफटक, मेणासारखा; दाबला तरी दबत नाही. पेशींच्या बाहेरच्या पाण्यात बर्फाचे कण धरलेत. ते पेशींच्या आतलं पाणी ओढून घेताहेत. पेशी आक्रसताहेत, आतले क्षार दाट होताहेत. रक्त नाही, जखम नाही, वेदनाही नाही.

अंधार पडताना कुणीतरी एक खोपट पेटवलेलं दिसतं. तुम्ही पाय थेट जाळाशी नेता. पाय बधिर, त्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही. करपल्याचा वास येतो तो कुणाचा, तेही कळत नाही. रात्रीत पाय वितळतात, सुजतात. उजाडताच पुन्हा चाल, पुन्हा तीच थंडी. वितळलेला पाय दुसऱ्यांदा गोठतो, आणि हे दुसरं गोठणं पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट.

सैन्याचा मुख्य शल्यविशारद डोमिनिक लारे जवळपास असला, तर तो तुम्हाला जाळापासून मागे ओढेल. कोटाच्या काजाला थर्मामीटर अडकवून चालणारा हा माणूस. आठवड्यापूर्वी बेरेझिना नदीच्या पुलावर शिपायांनी त्याला ओळखलं आणि हातोहात, डोक्यांवरून पलीकडे पोचवलं, इतका त्याच्यावर जीव. त्यानं 1807 मध्ये आयलाऊच्या लढाईत एक गोष्ट टिपली होती: कडाक्याच्या थंडीत शिपाई पायांची तक्रार करत नव्हते, हवा उबदार झाली, ते शेकोट्यांशी गेले, आणि मग पाय काळे पडू लागले. त्याचं निरीक्षण अचूक होतं. पण त्यावरून त्यानं काढलेला उपाय होता बर्फानं चोळण्याचा. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही, तरी या उपायानं पुढे शेसव्वाशे वर्षं माणसांचं नुकसान केलं, हेही खरंच. चोळल्यानं गोठलेली ऊती आतून फाटते आणि बर्फानं उरलीसुरली ऊबही जाते.

1950 च्या जूनमध्ये अन्नपूर्णेच्या शिखरावरून उतरलेल्या मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांचे पाय साथीदारांनी मायेपोटी रात्रभर चोळले, दोराच्या टोकानं झोडपले. दोघांच्याही पायांची सगळी बोटं गेली. हर्झोगच्या हातांचीही बहुतेक.

आता थोडं पुढे, 1960 च्या सुमारास, अलास्कातल्या अँकरेजला या. डॉक्टर विल्यम मिल्स तुमचा पाय कोमट पाण्याच्या टबात सोडतायत. पाणी सतत हलवलेलं (आजची शिफारस 37 ते 39 अंशांची). चोळणं नाही, जाळ नाही. अर्ध्या तासाच्या आत अंगठा लालसर, मऊ होतो आणि दुपारची हरवलेली कळ दसपटीनं परत येते, ओरडायला होतं. मग फोड येतात. स्वच्छ पाण्याचे असले तर आशा, रक्ताळलेले असले तर इजा खोल. कारण वितळल्यावरच दुसरा घाव सुरू होतो: केशवाहिन्यांची अस्तरं सोलवटलेली असतात, त्यात रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. म्हणूनच आज इस्पितळात गुठळ्या विरघळवणारी किंवा रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं लवकर देण्याची धडपड असते. काळं पडलेलं बोट मात्र लगेच कापत नाहीत. नेमकं कुठवर मेलंय हे कळायला आठवडे, कधी महिने जातात. जंतुसंसर्ग नसेल तर थांबणं रास्त.

हिवाळ्यात लडाखला, हिमाचलला, उत्तराखंडला ट्रेकला निघणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनो, एवढं लक्षात असू द्या. बोटांची कळ अचानक थांबली तर तिथेच थांबा, बूट काढून पाहा, सोबत्याला सांगा. ओले मोजे बदला. दारूनं ऊब येत नाही, उलट जाते. बोट पांढरं, टणक झालं असेल तर चोळू नका, शेकू नका. आणि पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर ते वितळवूच नका. तसंच गुंडाळून खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.