पाळकांची शाळा

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली. उसाच्या अन् साखर कारखान्यांच्या कितीतरी आधी. 1842 ला इथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं, आणि 1878 साली डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. आमच्याकडची जुनी माणसं तिला ‘पाळकांची शाळा’ म्हणत.

साल ध्यानात घ्या. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ नुकताच सरत होता. खेड्यापाड्यांतली माणसं, त्यातही महार-मांगांची घरं, मिशनकडं येत होती. त्यांची लग्नं लावायला, मेलेल्याला माती द्यायला, पोरांना बाराखडी शिकवायला माणूस पाहिजे. अमेरिकेतून साहेब बोलवायचा, तर आधी त्यालाच मराठी शिकवावी लागायची! म्हणून इथलीच पोरं तयार करायची ठरलं. ह्यूमसाहेबांना भाषेची अडचण नव्हती. ते 1847 साली मुंबईतच जन्मलेले.

शिकवणारेही पाहण्यासारखे होते. वर अमेरिकन साहेब, आणि पुढं त्यांच्या जोडीला नारायण वामन टिळक. टिळक करजगावचे, कोकणातले ब्राह्मण. 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला अन् नगरला येऊन या सेमिनरीत शिकवू लागले. समोर बसलेली बरीच पोरं महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेली. गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर बसवत, त्यांना इथं ब्राह्मण कवी शिकवतोय! त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

तिथं शिकलेला एक पाळक आमच्या गावात होता, असं आजी सांगायची. त्याच्याकडं नुसते ख्रिस्ती लोक जात नसत. कोर्टाचा कागद आला, मनिऑर्डरीवरचा मजकूर वाचायचा असला, की गावची मोठी घरंसुद्धा त्याला बोलवायची. ओसरीवर घ्यायची नाहीत, पण कागद त्याच्याच हातात द्यायची. शिक्षण पुढं गेलं होतं, गाव मागंच होतं.

मिशनमध्ये तरी सगळं बरोबरीचं होतं असं नाही. पैशाची दोरी बोस्टनच्या मंडळाकडं, म्हणजे शेवटचा शब्दही साहेबाचाच. टिळकांना ते सलत होतं. इथल्या ख्रिस्ती माणसानं आपल्या मातीत, आपल्या अभंग-कीर्तनात उभं राहावं, हा त्यांचा ध्यास. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते वारले.

बी कुठूनही आणा, उगवतं ते इथल्याच ओलीवर. हे त्या शाळेतल्या एका मास्तराला नीट कळलं होतं.