ऑस्बर्नच्या पेटीतला स्वल्पविराम

शिर्डीच्या साईबाबांवर १९५७ साली इंग्रजीत एक पुस्तक आलं, ‘द इनक्रेडिबल साईबाबा’. लेखक आर्थर ऑस्बर्न. हे इंग्रज गृहस्थ तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमापाशी राहत. त्यांचा मुलगा अ‍ॅडम. बँकॉकमध्ये १९३९ साली जन्मलेला, पण लहानपणाचा मोठा भाग तामिळनाडूत काढलेला. पुढे अमेरिकेत जाऊन याच अ‍ॅडम ऑस्बर्ननं १९८१ साली ‘ऑस्बर्न १’ नावाचा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. शिवणयंत्राच्या पेटीएवढा, अकरा किलोंच्या आसपास वजनाचा, पाच इंची पडद्याचा.

साईबाबांच्या चरित्रकाराचा मुलगा आणि आपल्या पतसंस्थेतून येणारा ‘हप्ता भरा’ हा एसएमएस यांचा संबंध आहे, आणि तो जवळचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

शेकडो लोकांना एका झटक्यात संदेश पाठवायचा तर कुणाकुणाला पाठवायचा त्याची यादी आधी एका फाइलमध्ये बसवावी लागते. प्रत्येक माणसाला एक ओळ, त्या ओळीत नाव, मोबाईल, रक्कम, तारीख, मधे स्वल्पविराम. या फाइलला सगळे ‘सीएसव्ही’ (कॉमा-सेपरेटेड व्हॅल्यूज) म्हणतात. पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था, दिवाळी अंकाची वर्गणीदार यादी, सगळीकडे हीच. हे नाव आणि त्याबरोबरचा अवतरणचिन्हांचा नियम १९८३ च्या ज्या पुस्तिकेत छापलेला सापडतो, ती ऑस्बर्नच्याच ‘एक्झिक्युटिव्ह’ या पुढच्या संगणकाची. हा धागा हाती लागला आणि मी मागे मागे जात राहिलो.

फार मागचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जोसेफ डंकन यांनी १८९० च्या दशकात पत्ते छापायचं यंत्र काढलं, ‘अ‍ॅड्रेसोग्राफ’. प्रत्येक ग्राहकाची एक पत्र्याची पट्टी, तिच्यावर उठावात नाव-पत्ता. मग छिद्रांची कार्डं आली. १९२८ पासून आयबीएमचं कार्ड ऐंशी स्तंभांचं झालं. नावाला इतके स्तंभ, गावाला इतके, हे आधीच ठरलेलं. नाव लांब असलं तर शेपूट कापलं जायचं. या दोन्हींत विभाजक चिन्ह नव्हतंच. जागा हीच खूण. चिन्हानं तुकडे पाडायचे ही कल्पना कुठून शिरली, इथून खरा वाद सुरू होतो.

रूढ उत्तर असं आहे: फोरट्रान ही संगणकभाषा. आयबीएमच्या फोरट्रान कंपायलरमध्ये १९७२ साली मुक्त पद्धतीनं आकडे वाचायची सोय झाली. स्तंभ मोजत बसायचं नाही, स्वल्पविराम किंवा मोकळी जागा देऊन मूल्यं लिहीत जायची. सीएसव्हीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथेच बोट ठेवतात. तारीख जुनी, चिन्ह तेच, म्हणजे बाप हाच.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण एका बारीक गोष्टीत आहे. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर त्याचा अर्थ काय?

फोरट्रानमध्ये अर्थ असा, की या जागी मला काही सांगायचं नाही. चलात आधी जे असेल तेच राहू द्या. आपल्या यादीत अर्थ अगदी वेगळा: ही जागा रिकामी आहे. आता फोरट्रानचा अर्थ यादीला लावून बघा. पहिल्या ओळीतल्या सभासदाची थकबाकी भरलेली आहे, दुसऱ्याचा रकाना रिकामा. दुसऱ्याला संदेश जाईल तो पहिल्याच्या थकबाकीचा. प्रयोगशाळेतल्या आकड्यांना ही सोय चांगली. पत्रव्यवहाराला ती जीवघेणी. शिवाय फोरट्रानच्या त्या पद्धतीत तिरकी रेघ आली की वाचन तिथेच थांबतं. सर्व्हे नंबर १२/३ असा पत्ता अवतरणाशिवाय लिहिला की पुढची सगळी ओळ गेली.

मग रिकामी जागा रिकामीच मानणारा पूर्वज कोण? माझं उत्तर: वर्डस्टारचा ‘मेलमर्ज’. नव्वदीच्या आगेमागे ज्यांनी पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात कॉम्प्युटरचा क्लास लावला त्यांना ‘डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस’ हा क्रम पाठ असेल. त्यातलं वर्डस्टार हे कॅलिफोर्नियातल्या मायक्रोप्रो कंपनीचं. मेलमर्ज ही त्याची जोडणी. पत्राच्या डोक्यावर टिंब देऊन दोन आज्ञा लिहायच्या: ‘.डीएफ’ पुढे यादीच्या फाइलचं नाव, आणि ‘.आरव्ही’ पुढे रकान्यांची नावं, यादीत ज्या क्रमानं असतील त्याच क्रमानं. मग मजकुरात जिथे नाव हवं तिथे ते ‘&’ या चिन्हाच्या जोडीत लिहायचं. यादीची फाइल म्हणजे माणसागणिक एक ओळ, मधे स्वल्पविराम, आणि एखाद्या मजकुरातच स्वल्पविराम असेल तर तो मजकूर दुहेरी अवतरणात. पत्त्याची दुसरी ओळ कुणाची नसेल तर दोन स्वल्पविराम लागोपाठ. आणि पत्रात त्या जागी नावापाठोपाठ तिरकी रेघ व ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर दिलं की ती रिकामी ओळ छापलीच जात नसे, पाकिटावर भोक पडत नसे.

ही आज्ञा ज्यानं कुणी घातली त्यानं खरी पाकिटं डोळ्यांसमोर ठेवली होती. आजच्या यादीचे सगळे अवयव इथे दिसतात. फोरट्रानमध्ये दिसतो तो फक्त स्वल्पविराम.

पण मेलमर्जनं तरी नियम कुठून उचलला? बेसिकमधून, असं मी मानतो. डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ साली बेसिक भाषा सुरू केली, तेव्हापासूनच तिच्या ‘डेटा’ या ओळीत मूल्यं स्वल्पविरामांनी तोडलेली असत. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये अवतरणाचा नियम स्पष्ट झाला: मजकुरात स्वल्पविराम असेल तर अवतरणात घाला. तिथे माणसानं कळफलकावर नाव टाइप करताना मधेच स्वल्पविराम दिला, तर यंत्र दोन उत्तरं आली असं समजे आणि ‘पुन्हा पहिल्यापासून’ असा हुकूम पडद्यावर येई. सत्तरच्या दशकाअखेरीस छोट्या संगणकावर काम करणाऱ्या अनेकांना हा हुकूम ओळखीचा होता. मेलमर्ज लिहिणाऱ्यांच्या हाताला तीच सवय असणार.

आता ऑस्बर्नच्या पेटीकडे. ‘ऑस्बर्न १’ ची किंमत १,७९५ डॉलर, आणि तिची खरी युक्ती होती सोबत फुकट दिलेल्या प्रणाली: वर्डस्टार, त्याबरोबर मेलमर्ज, सुपरकॅल्क हा तक्ता, आणि दोन प्रकारचं बेसिक. म्हणजे पत्र, यादी, हिशेब आणि भाषा एकाच माणसाच्या टेबलावर, एकाच खरेदीत. तोवर या चारांची गिऱ्हाइकं वेगळी होती. आता दुकानदाराला वाटणार की सुपरकॅल्कमधल्या थकबाकीच्या तक्त्यावरून मेलमर्जनं पत्रं छापावीत. तक्त्याला पत्राची भाषा यायला हवी, आणि पत्राची भाषा स्वल्पविरामाची होती. म्हणून सीएसव्ही हा प्रकार आणि हे नाव ऑस्बर्नच्या घरात घट्ट झालं. माझा सिद्धान्त एवढाच: चिन्ह बेसिकचं, वळण मेलमर्जचं, आणि गाठ मारली ऑस्बर्नच्या पेटीनं.

याला प्रतिस्पर्धी आहेत. व्हिसिकॅल्क या तक्त्याच्या प्रणालीवाल्यांनी तक्त्यांच्या देवघेवीसाठी ‘डीआयएफ’ नावाची मांडणी काढली होती, काटेकोर आणि विचारपूर्वक. पण तिच्यात एका मूल्याला दोन ओळी लागतात. माणसानं हातानं यादी लिहावी अशी ती नाहीच. दुसरी मांडणी त्याहून देखणी. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतावलीत २८ ते ३१ हे चार क्रमांक खास विभाजकांसाठी राखलेले आहेत: फाइल, गट, नोंद आणि घटक. नावात किंवा पत्त्यात ते कधीच येणार नाहीत, म्हणजे अवतरणांची गरजच संपली. तांत्रिकदृष्ट्या हा विजेता ठरायला हवा होता. पण त्या चिन्हांना कळफलकावर कळ नाही आणि कागदावर रूप नाही. यादी करणारी माणसं कारकून होती. त्यांना दिसणारं, दाबता येणारं चिन्ह हवं होतं.

तिसरा दावेदार ईमेल. ‘प्रति’च्या जागी अनेक पत्ते लिहिताना मधे स्वल्पविराम द्यायचा आणि नावातच स्वल्पविराम असेल तर नाव अवतरणात ठेवायचं, हे १९७७ च्या ईमेल-नियमावलीत आहे. मेलमर्जच्याही आधीचं. तरी मी याला पूर्वज म्हणत नाही, चुलतभाऊ म्हणतो. कारण ईमेलमधला स्वल्पविराम एका माणसाला दुसऱ्यापासून तोडतो. सीएसव्हीतला स्वल्पविराम एकाच माणसाचे भाग पाडतो आणि माणसं तोडायचं काम नव्या ओळीवर सोपवतो. ईमेलच्या यादीला रकाने नाहीत, म्हणून तिच्यातून ‘प्रिय अमुक’ असं प्रत्येकाचं वेगळं पत्र निघू शकत नाही. त्या यादीचं काय होतं हे १९७८ च्या मे महिन्यात दिसलं. डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. पहिली घाऊक ईमेल-जाहिरात म्हणून ती ओळखली जाते. पत्ते छापील सूचीतून हातानं टाइप केलेले. ते इतके झाले की ‘प्रति’च्या जागेत मावेनात, आणि उरलेले पत्ते ओघळत थेट पत्राच्या मजकुरात उतरले. ज्यांचे पत्ते मजकुरात गेले त्यांना त्या खेपेला पत्र मिळालं नाही.

फोरट्रानच्या बाजूनं मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अवतरणाच्या आत अवतरण आलं तर काय करायचं? यादीत ‘राजाराम "अप्पा" शिंदे’ असं टोपणनावासकट नाव असेल, तर आजचा नियम आतली चिन्हं दुप्पट करायचा: "राजाराम ""अप्पा"" शिंदे". मायक्रोसॉफ्ट बेसिकमध्ये ही सोय नव्हती. ऑस्बर्न एक्झिक्युटिव्हची पुस्तिकाही याबद्दल गप्प आहे. चिन्ह दुप्पट करण्याची रीत फोरट्रान, पास्कल, पीएल-वन या घराण्यांतली. म्हणजे सीएसव्हीला ती नंतर मिळाली, मोठ्या संगणकांवर शिकलेल्या कुणाच्या तरी हातून. सासरहून आलेला दागिना म्हणू.

हे सगळं नियमांत लिहिलं गेलं पुष्कळ उशिरा, ऑक्टोबर २००५ मध्ये, ‘आरएफसी ४१८०’ या इंटरनेटच्या नियमपत्राच्या नावानं. लिहिणारे याकोव्ह शाफ्रानोविच. नकोशा घाऊक ईमेलला आळा कसा घालावा याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकगटाचे ते सहअध्यक्ष राहिले होते.

जुन्या घराण्यातली एक चांगली गोष्ट वाटेत गळाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बेसिकची ‘राइट’ ही आज्ञा जेव्हा फाइलमध्ये लिहायची तेव्हा मजकूर नेहमी अवतरणात आणि आकडे उघडे. म्हणजे अवतरण हीच खूण होती, की हा मजकूर आहे, याला हात लावू नका. आजचं एक्सेल ही खूण मानत नाही. मोबाईल क्रमांक ९१ लावून बारा आकडी केला आणि फाइल एक्सेलमध्ये उघडली, की अवतरण असो वा नसो, तो संख्या होतो आणि ‘९.१९८१२ई+११’ असा आक्रसतो. ती फाइल तशीच साठवली तर पुढच्या वेळी शेवटच्या सहा आकड्यांच्या जागी सहा शून्यं. यादीतले अनेक सभासद एकाच, भलत्याच क्रमांकावर गोळा झालेले असतात. म्हणून मोबाईलचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ ठरवून मगच यादी आत घ्यायची.

अवतरणांचं दुसरं काम मात्र शाबूत आहे, आणि आपल्याकडे ते जास्त लागतं, कारण आपल्या लाखाला दोन स्वल्पविराम असतात. नाव, मोबाईल, थकबाकी, तारीख असे चार रकाने आहेत आणि थकबाकी १,२५,००० अशी उघडी लिहिली आहे असं समजा. थकबाकीच्या रकान्यात उरतो १, तारखेच्या रकान्यात सरकतात २५, आणि सभासदाच्या हाती पडतं: ‘आपली थकबाकी रु. १ असून ती २५ पर्यंत भरावी.’ रक्कम "१,२५,०००" अशी अवतरणात घातली की सगळं जागच्या जागी.

क्रमाचं महत्त्वही पुन्हा वाढलं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनंतर घाऊक एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो, आणि बदलत्या मजकुराच्या जागी सुरुवातीला महिरपी कंसात एकच ठरावीक खूण येई. नाव असो की रक्कम, खूण तीच. कुठल्या जागी कुठला रकाना, हे क्रमावरूनच ठरवावं लागे. मेलमर्जची ‘.आरव्ही’ ओळ नेमकं हेच करायची.

देवनागरीचा प्रवेश या कुळात सगळ्यात शेवटी झाला. २००५ च्या त्या ‘आरएफसी ४१८०’च्या व्याकरणात रकान्यातला मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीची चिन्हं एवढंच होतं. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचलेली यूटीएफ-८ ही संकेतपद्धती सीएसव्हीची गृहीत पद्धती ठरली ती थेट २०१४ मध्ये, ‘आरएफसी ७१११’ नं. तरी एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण दिसली नाही, तर मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं ओळीनं उभी राहतात; ती टाळायला साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा लागतो. मोबाईलच्या रकान्यात देवनागरी आकडे मात्र संदेश पाठवणाऱ्या बहुतेक प्रणाली आजही नाकारतात.