होडीचे बाह्ययंत्र : त्याचा इतिहास व त्याचे बंद पडणे



स्मरणिकेच्या पानांतून आपण पूर्वजांच्या वसाहती, कुलदैवते व देवालयांचे जीर्णोद्धार यांचा इतिहास आवडीने वाचतो. परंतु ज्या साधनांवर आपल्या घरांचा चरितार्थ चालला, त्यांनाही इतिहास असतो. शीड, वल्हे व जाळे यांविषयी वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकावयास मिळते. मात्र होडीच्या मागच्या फळीस अडकविलेल्या लहानशा यंत्राविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. इंग्रजीत त्यास आऊटबोर्ड मोटर म्हणतात. आम्ही येथे त्यास बाह्ययंत्र म्हणू. ते चालू असते तोवर त्याची आठवण कोणास होत नाही. खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या वेळी, होडीत बायकामुले असता ते अकस्मात बंद पडले, म्हणजे मात्र सर्वांस देव आठवतो.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे दोरी पुन्हा पुन्हा ओढणे. हात दुखू लागतात, धीर सुटतो, आणि तेवढ्यात होडी वाळूच्या दांड्याकडे वाहत जाते. आमचे म्हणणे असे की, या यंत्राचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास त्याचा दोषही शोधता येतो. कारण त्याचा प्रत्येक भाग पूर्वीच्या कोणत्या तरी अडचणीवर उत्तर म्हणून जन्मास आला, आणि बहुतेक प्रत्येक उत्तराने आपल्यासोबत एक नवी अडचणही आणली.

जर्मनीत गॉटलीब डायम्लर व विल्हेल्म मायबाख यांनी १८८६ साली नेकार नदीत स्फोटक इंधनावर चालणारी नौका चालवून दाखविली. ते यंत्र नौकेच्या पोटात बसविलेले होते. उचलून कोणत्याही होडीस लावता येईल असे यंत्र करण्याचे प्रयत्न पुढे अमेरिकेत झाले. कॅमेरॉन वॉटरमन हा येल विद्यापीठाचा कायद्याचा विद्यार्थी. मोटारसायकलीचे यंत्र साफ करण्यासाठी खुर्चीच्या पाठीस अडकविले असता, असेच ते होडीस का लावू नये, हा विचार त्याच्या मनात आला, असे सांगतात. १९०५ साली त्याने ते करून पाहिले व १९०७ साली त्याचे पेटंट मिळविले.

हे यंत्र घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय मात्र ओले एव्हिनरुड याचे. हा जन्माने नॉर्वेचा. बालपणीच अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे आला. १९०६ सालच्या उन्हाळ्यात एका तळ्यातील बेटावर सहल गेली असता, आपल्या भावी पत्नीसाठी आइस्क्रीम आणावयास तो वल्ही मारीत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले, अशी आख्यायिका आहे. १९०९ साली त्याने बाजारात आणलेले यंत्र दीड अश्वशक्तीचे असून त्याचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते. पत्नी बेस हिने व्यवहाराची बाजू सांभाळली. वल्ही मारू नका, वल्ही फेकून द्या, अशा आशयाची तिने लिहिलेली जाहिरात फार गाजली. ही जाहिरात वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

या यंत्रास तीन गोष्टी लागतात : इंधन, ठिणगी व थंड पाणी. तिन्हींचा इतिहास निराळा, आणि त्यांच्या अभावी बंद पडण्याची तऱ्हाही निराळी. म्हणून यंत्र बंद पडताच प्रथम आठवावे की ते कसे बंद पडले.

दम लागल्यासारखे आचके देत, वेग कमी होत होत थांबले, तर दोष बहुधा इंधनाचा. आरंभी टाकी यंत्राच्या डोक्यावरच असे. १९४९ साली जॉन्सन कंपनीने आपल्या दहा अश्वशक्तीच्या यंत्रास वेगळी टाकी दिली. तिच्यात हवेचा दाब भरून इंधन नळीवाटे वर चढवीत. पुढे यंत्रातच इंधनाचा पंप आला, आणि टाकीत हवा जाण्यासाठी झाकणावर एक लहान स्क्रू ठेवावा लागला. हा स्क्रू बंद राहिला, तर यंत्र काही मिनिटे उत्तम चालते व मग गुदमरते. नळीतील रबरी फुगा हाताने दाबून पाहावा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर प्रथम झाकणाचा स्क्रू पाहावा. फुगा कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर टाकीत इंधन आहे काय व नळीचे जोड घट्ट आहेत काय, हे पाहावे. तो कडक होत असेल, तर इंधन यंत्रापर्यंत पोहोचत आहे. पुढे गाळणी व कार्ब्युरेटर तपासावे.

इंधनाच्या बाबतीत एक नवी गोष्टही सांगणे अवश्य आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले, व २०२५ साली वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. इथेनॉल पाणी शोषून घेते. मर्यादेपलीकडे पाणी झाले की, ते व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. आणि नळीचे तोंड तर तळाशीच असते. आपल्या दमट किनाऱ्यावर पावसाळाभर अर्धवट भरलेली टाकी पडून राहिली, तर नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत यंत्र का अडते, याचा उलगडा यात आहे. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रास तर अधिकच धोका. कारण तळाच्या त्या थरात तेल नसते, आणि तेलावाचून यंत्र जाम होते. म्हणून होडी वर ओढताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे आणि नव्या हंगामास ताजे इंधन घ्यावे.

दिवा मालवावा तसे यंत्र एकदम बंद पडले, तर ठिणगीकडे पाहावे. पहिल्या यंत्रांसाठी कोरड्या बॅटऱ्या होडीत ठेवाव्या लागत, व त्या भिजल्या की काम आटोपले. पुढे गतिचक्राखालीच चुंबक बसवून तेथेच वीज उत्पन्न करण्याची युक्ती निघाली. चालक पाण्यात पडल्यास यंत्र आपोआप थांबावे म्हणून मनगटास बांधावयाची सुरक्षेची दोरीही नंतर आली. ही दोरी नकळत निसटली, तर यंत्रात काहीही दोष नसता ते बंद पडते. प्रथम तीच पाहावी. मग प्लग काढून पाहावा. तो काळा व ओला असेल, तर जवळचा कोरडा प्लग लावावा व यंत्रास पाच मिनिटे विश्रांती द्यावी. दोरी ओढत राहिल्याने इंधन अधिकच साचते. पेट्रोलचा वास येत असता विडी पेटविणे हा आत्मघात होय, हे सांगणे नलगे.

तिसरी गोष्ट पाण्याची. यंत्र थंड ठेवण्यासाठी खाडीचेच पाणी आत ओढले जाते व त्याची एक बारीक धार मागे बाहेर पडते. ती धार म्हणजे यंत्राची नाडी होय. पाणी ओढणारा लहान रबरी पंखा वाळूने झिजतो व कोरडा फिरल्यास क्षणात खराब होतो. आणि हल्ली खाडीत वाहणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पाण्याची वाट बुजवितात. धार थांबलेली व यंत्र तापलेले दिसले, तर ते निवेपर्यंत सुरू करू नये, व वरून पाणीही ओतू नये.

याखेरीज हिसका बसून यंत्र थांबले, तर पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला असे समजावे. यंत्र पूर्ण बंद करून, सुरक्षेची दोरी काढून, मगच हात घालावा. यंत्र फिरते पण होडी हलत नाही, असे लहान यंत्रांत झाले, तर पंख्याची खीळ तुटलेली असते. पंखा खडकावर आपटल्यास आतील दाते वाचावेत म्हणून ती मुद्दाम नरम धातूची केलेली असते. तिने आपले काम केले. दुसरी खीळ जवळ असली म्हणजे झाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळातील नीण्डकरा येथे मच्छीमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. त्यातील यंत्रे नौकेच्या पोटातील होती. जपानच्या यामाहा कंपनीने १९६० साली आपले पहिले बाह्ययंत्र काढले, व होंडाने १९६४ साली फोर-स्ट्रोक पद्धतीचे. केरळच्या लहान होड्यांवर १९८० नंतरच्या दशकात रॉकेलवर चालणारी बाह्ययंत्रे झपाट्याने पसरली. आपल्याकडेही वल्ह्याचे श्रम कमी झाले, दूरचे पाणी जवळ आले, आणि संध्याकाळी माणसे वेळेवर घरी येऊ लागली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु या लाभासोबत एक हानीही झाली. शिडावर व वल्ह्यावर वाढलेल्या पिढीस भरती-ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा व दांड्याची जागा तोंडपाठ असे, कारण त्यावाचून घरी परतणेच शक्य नव्हते. यंत्रावर वाढलेल्या मुलास हे शिकावे लागले नाही. यंत्र बंद पडते तेव्हा खरा धोका यंत्राचा नसून या विसरलेल्या विद्येचा असतो. बेसबाईंची जाहिरात विक्रीसाठी उत्तम होती. परंतु वल्ही फेकून दिलेल्या होडीत बंद यंत्र म्हणजे निव्वळ ओझे. ज्या एव्हिनरुडच्या नावाने ती जाहिरात झाली, त्या नावाच्या यंत्रांचे उत्पादन २०२० साली थांबले. वल्हे मात्र अद्याप चालूच आहे.

म्हणून प्रत्येक घराने एवढे नियम पाळावेत. यंत्र बंद पडताच पहिले काम यंत्राचे नव्हे, नांगराचे. तो नाळेकडून टाकावा, मागून नव्हे. मागून टाकल्यास लाटा होडीत शिरतात. सर्वांनी खाली बसावे व तरंगजाकीट अंगावर असावे. मग सुरक्षेची दोरी, इंधन, ठिणगी, पाणी व पंखा या क्रमाने पाहावे. होडीत दोन वल्ही, जास्तीचा प्लग, खीळ, पाना, सुरी व पिण्याचे पाणी सदैव असावे. आणि ही तपासणी किनाऱ्यावर, उजेडात, घरातील मुलामुलींकडून वर्षातून एकदा करवून घ्यावी. मुलींनाही ती शिकवावी. होडीत त्याही असतात.

पूर्वजांनी वल्हे आपल्या हाती दिले, काळाने यंत्र दिले. दोन्ही पुढील पिढीच्या हाती, ज्ञानासह सोपविणे हे आपले कर्तव्य होय, एवढे नम्रपणे सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो.