तसबिरीतला शिपाई

दिवाळीची झाडलोट निघाली की रहिमतपूरच्या आमच्या घरात जुन्या तसबिरी भिंतीवरून खाली उतरतात. यंदा काच पुसता पुसता पणजोबा हाती आले. डोईला फेटा, अंगात खाकी कोट, नजर ताठ.

"जर्मनच्या लढाईत बंदूक चालवली त्यांनी!" आत्या दरवर्षीप्रमाणे म्हणाली.

सातारा जिल्ह्यात अशा तसबिरी घरोघर सापडतील. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान पडले. अशा मुलखात पणजोबा शिपाई असणे ही घराण्याची दौलतच. पण मी पडलो शाळामास्तर. ऐकलेले पडताळून पाहण्याची मला खोड. भिंग घेऊन बसलो.

वाचकहो, जुन्या तसबिरीतला गणवेश वाचायचा तर आधी रंग विसरावा. त्या काळच्या काचेवर पुष्कळदा तांबडा रंग काळा उतरे आणि निळा पांढुरका. पाहावा तो खांदा. तिथे पितळी आकडा असला तर निम्मे काम झाले. आमच्या तसबिरीत ११७ निघाला. मुंबई इलाख्यातल्या पलटणींच्या क्रमांकांत १९०३ साली शंभर मिळवले गेले. दहावीची ११० झाली, सतरावीची ११७. पुढे १९२२ साली सहा मराठा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि हे आकडे गेले. म्हणजे मराठा पलटणीचा तीन आकडी क्रमांक दिसला की तसबिरीतला गणवेश या एकोणीस वर्षांतला समजावा. मग दंड पाहावा. दोन फिती असल्या तर नाईक, तीन असल्या तर हवालदार.

पणजोबांच्या दंडावर एकही फीत नव्हती. काडतुसांचा पट्टाही नव्हता.

"फोटोपुरता काढला असेल," आत्या म्हणाली.

मग ट्रंकेच्या तळातून त्यांचे पदक काढले. त्या युद्धाचे हे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे. आमचे तांबूस, ब्राँझचे. ते लष्कराबरोबर गेलेल्या मजुरांना आणि नोकरचाकरांना देत. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती : पणजोबांचे नाव, 'कुक' आणि ११७ मराठा. पलटण खरी, बंदूक खोटी! पणजोबा पलटणीचे लांगरी होते.

आत्या गप्प बसली. उगाच भिंग हाती घेतले, असे मलाही वाटले.

पण ११७ मराठा ही साधीसुधी पलटण नव्हे. १९१५ च्या डिसेंबरात इराकमधल्या कूत येथे ती वेढ्यात सापडली. धान्य आटले, घोडी कापण्याची पाळी आली, तरी हिंदी शिपाई बरेच दिवस ते मांस तोंडाला लावीनात. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. पणजोबा त्या वेढ्यात होते असे मी म्हणणार नाही. पदक तेवढे बोलत नाही. पण भुकेने टेकीला आणलेल्या त्या पलटणीत लांगऱ्याची किंमत काय असेल, हे मी आत्याला सांगितले.

तसबिरीच्या पाठीवर मी पेन्सिलीने नाव, पलटण आणि हुद्दा लिहिला. आपणही आपल्या घरी लिहावा. सांगणारी माणसे आहेत तोवरच.

संध्याकाळी आत्याने फराळाचे ताट तसबिरीपुढे ठेवले, थोडी थबकली आणि त्यातली एक चकली उचलून बाजूला केली.

"ही जरा मऊ पडलीय," ती म्हणाली, "आता त्यांना कळायचं हो!"