संप्रेरकाचे आयुष्य : दोन मिनिटांपासून आठवड्यापर्यंत

जेवणानंतर आतड्यातून रक्तात मिसळणारे 'जीएलपी-१' हे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवण्यास उद्युक्त करते. साखर वाढलेली असतानाच त्याचा प्रभाव पडत असल्याने मधुमेहावरील औषध म्हणून ते उपयुक्त ठरणारे होते. अडचण होती ती त्याच्या अल्पायुष्याची. माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण सुमारे दोन मिनिटांत निम्म्यावर येते.

याचे प्रमुख कारण 'डीपीपी-४' हे विकर (एन्झाइम). संप्रेरकाच्या साखळीत दुसऱ्या स्थानी असलेले ॲलानिन हे अमिनो आम्ल ओळखून हे विकर तेथेच साखळी तोडते.

यावरील तोड निसर्गातच सापडली. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग व मेक्सिकोतील 'हीला मॉन्स्टर' या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना 'एक्झेंडिन-४' हे द्रव्य आढळले. त्याविषयीचे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना मानवी संप्रेरकाशी जेमतेम निम्मी जुळते. मात्र दुसऱ्या स्थानी ॲलानिनऐवजी ग्लायसिन असल्याने विकराचा वार चुकतो. त्याचीच कृत्रिम प्रत असलेल्या एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. त्याचे अर्धायुष्य सुमारे २.४ तास असल्याने दिवसातून दोनदा इंजेक्शन घ्यावे लागे.

पुढची पायरी रसायनशास्त्रज्ञांची. लिराग्लुटाइडमध्ये मानवी संप्रेरकाला मेदाम्ल जोडण्यात आले. हे मेदाम्ल रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे औषध मूत्रपिंडावाटे लवकर बाहेर पडत नाही. अर्धायुष्य सुमारे १३ तासांवर गेले व रोज एक इंजेक्शन पुरेसे ठरले. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सेमाग्लुटाइडमध्ये दुसरे अमिनो आम्लही बदलले असून, मेदाम्लाची साखळी अधिक लांब आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे एक आठवडा आहे.

हा आठवडा मात्र माणसापुरताच. प्रयोगशाळेतील छोट्या जातीच्या डुकरांमध्ये सेमाग्लुटाइडचे अर्धायुष्य सुमारे ४६ तास आढळले. औषधाचे वाहन असलेले अल्ब्युमिनही प्रत्येक प्राण्यात सारखे टिकत नाही. माणसात त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ दिवस, तर उंदरात जेमतेम दीड दिवस असते. साहजिकच, प्राण्यांवरील चाचण्यांतून औषधाच्या टिकाऊपणाचा केवळ अंदाज बांधता येतो. रुग्णाने किती मात्रा व किती दिवसांनी घ्यावी, याचा निर्णय मानवी चाचण्यांवरच सोपवावा लागतो.