वीज नाही, नेटवर्क नाही, तरी २४ तास संपर्क चालू: काय असतो हॅम रेडिओवाल्यांचा ‘फील्ड डे’?

जून महिन्याची अखेर. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाबाहेरचं मैदान. दहा-बारा माणसं गाड्यांमधून तंबू, बॅटऱ्या, सोलर पॅनल, जनरेटर आणि वायरची भेंडोळी उतरवतायत. एक आजोबा बेचकीने झाडाच्या उंच फांदीवरून दोरी पलीकडे टाकायचा प्रयत्न करतायत. तिसऱ्या प्रयत्नात दोरी जाते आणि सगळे टाळ्या वाजवतात.

लांबून बघणाऱ्याला वाटेल, सहल आलीय. पण दुपारी ठरलेली वेळ झाली की तंबूतून आवाज येतो, “सीक्यू फील्ड डे, सीक्यू फील्ड डे.” म्हणजे, ‘कुणी ऐकतंय का? बोलायचंय.’ हा आवाज दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नाही.

हा आहे ‘फील्ड डे’. अमेरिका आणि कॅनडातल्या हौशी रेडिओ चालकांचा, म्हणजेच हॅम मंडळींचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. ३० हजारांहून जास्त लोक यात भाग घेतात.

पण सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशासाठी?

हॅम रेडिओ म्हणजे नेमकं काय?

आपण मोबाइलवर बोलतो तेव्हा मधे टॉवर, केबल, सर्व्हर आणि त्या सगळ्यांना लागणारी वीज असते. यातला एक दुवा तुटला की फोन म्हणजे नुसती टॉर्च उरते.

हॅम रेडिओत मधे कुणीच लागत नाही. एका टोकाला रेडिओ, बॅटरी आणि अँटेना. दुसऱ्या टोकाला तेवढंच. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात, शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फियर या थरावरून वळून पुन्हा जमिनीवर येतात आणि हजारो किलोमीटर अंतर कापतात.

यासाठी सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर प्रत्येकाला स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉल साइन म्हणतात. भारतातल्या हॅमची कॉल साइन ‘व्हीयू’ने सुरू होते. दोन अटी मात्र कडक आहेत: रेडिओवरून धंदा करायचा नाही आणि गुप्त भाषेत बोलायचं नाही.

फील्ड डे सुरू कधी झाला?

अमेरिकेतल्या हौशी रेडिओ चालकांची एआरआरएल ही संघटना १९१४ साली सुरू झाली. तिच्या पूर्ण नावात ‘रिले’ हा शब्द आहे, कारण त्या काळी एका हॅमने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप पुढे पाठवला जायचा.

याच संघटनेने १९३३ साली पहिला फील्ड डे घेतला. घरातली जड यंत्रं सोडून मैदानात रेडिओ चालवता येतो का, हे बघायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हौशी रेडिओच बंद ठेवला होता, तेव्हा अर्थातच खंड पडला. एरवी ही प्रथा आजपर्यंत चालू आहे.

आता तो जूनच्या चौथ्या पूर्ण वीकेंडला होतो. सुरुवात शनिवारी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकरा वाजता. आधीपासून उभारणी करणाऱ्या क्लबला सलग २४ तास मिळतात. जे शनिवारी घड्याळ सुरू झाल्यावरच तंबू ठोकायला घेतात, त्यांना पूर्ण २७ तास वापरता येतात.

तिथे बोलतात तरी काय?

गप्पा फारशा होत नाहीत. समोरचं स्टेशन सापडलं की कॉल साइन सांगायची आणि जोडीला एक छोटा निरोप, उदाहरणार्थ ‘थ्री अल्फा कनेक्टिकट’. यातला ‘थ्री’ म्हणजे एकाच वेळी तीन ट्रान्समीटर चालू आहेत. ‘अल्फा’ म्हणजे तीन किंवा जास्त लोकांच्या गटाने बाहेर उभारलेलं स्टेशन. आणि शेवटी विभागाचं नाव. समोरच्यानेही आपली माहिती दिली की नोंद करायची आणि पुढच्याला हाक मारायची. एका स्टेशनशी एका बँडवर एका पद्धतीने एकदाच बोललेलं धरलं जातं.

ऐकायला सोपं वाटतं. पण पहाटे तीन वाजता, खरखरीतून अर्धवट ऐकू येणारी अक्षरं अचूक लिहून घ्यायची असतील तर कस लागतो. आपत्तीत निरोप घेताना हेच कौशल्य लागतं. एक आकडा चुकला तर मदत भलत्याच पत्त्यावर जाऊ शकते.

गुणांचा हिशोब बघा, हेतू कळेल

एआरआरएल याला स्पर्धा म्हणत नाही, पण गुण मात्र मोजले जातात.

आवाजातून झालेल्या संपर्काला १ गुण. मोर्स किंवा डिजिटल पद्धतीने झालेल्या संपर्काला २ गुण. मग येतो शक्तीचा गुणक. समजा, एका क्लबने जनरेटरवर १०० वॅटच्या रेडिओने आवाजातून १०० संपर्क केले. १०० गुण गुणिले २, झाले २००. दुसऱ्या क्लबने बॅटरीवर फक्त ५ वॅटमध्ये मोर्सने १०० संपर्क केले. २०० गुण गुणिले ५, म्हणजे १०००. ५ वॅट म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी बल्बएवढी वीज! थोडक्यात, कमी साधनांत काम करून दाखवणाऱ्याला इथे जास्त गुण मिळतात.

याशिवाय बोनस गुण असतात. सरकारी वीज न वापरता रेडिओ चालवला, सूर्यप्रकाशासारख्या नैसर्गिक ऊर्जेवर संपर्क केले, लोकांना सहज येता येईल अशा जागी स्टेशन लावलं, एखादा लोकप्रतिनिधी भेट देऊन गेला, तर त्याचे गुण वेगळे. क्लबने आपल्या फील्ड डेची माहिती सोशल मीडियावर टाकली तर त्याचेही मिळतात! लोकप्रतिनिधींना बोलावण्यामागे साधा विचार आहे. संकटाच्या दिवशी प्रशासनाला हे लोक आठवायला हवेत, तर आधी ओळख हवी.

परवाना नसलेल्या पाहुण्यांनाही परवानाधारकाच्या देखरेखीखाली माइक हातात घेता येतो. कित्येक जण इथेच पहिल्यांदा रेडिओवर बोलतात आणि पुढे परीक्षा देतात.

मैदानात काय काय बिघडतं?

बरंच काही, आणि तेच तर शिकायचं असतं.

अँटेनाची लांबी बँडप्रमाणे ठरते. २० मीटर बँडसाठी साधारण १० मीटर तार लागते, ४० मीटर बँडसाठी साधारण २० मीटर. मैदानात तेवढ्या अंतरावर झाडं नसली तर खांब उभे करा. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते आधी बघा. दोन तंबू जवळ असले की एकाचा रेडिओ दुसऱ्याला ऐकू देत नाही, मग फिल्टर लावा. दिवसा २० मीटरवर दूरचे लोक छान सापडतात, अंधार पडला की ४० आणि ८० मीटरवर जावं लागतं. त्यात वादळ आलं आणि विजा कडाडायला लागल्या तर सगळं बंद करून अँटेना सोडवायची.

एखादा कनेक्टर घरी विसरला, हे मैदानात आल्यावर कळतं. जूनमध्ये कळलं तर हसण्यावारी जातं. पुरात कळलं तर जात नाही.

खरंच कामाला येतं का?

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळ पोर्तो रिकोवर धडकलं. सगळ्या बेटाची वीज गेली, ९० टक्क्यांहून जास्त मोबाइल टॉवर बंद पडले. अमेरिकन रेड क्रॉसने एआरआरएलकडे माणसं मागितली. २२ हॅम स्वयंसेवक आपली यंत्रं घेऊन तिथे गेले. वाचलेल्या लोकांची माहिती बाहेर पोहोचवायला त्यांची मदत झाली.

आपल्याकडचं उदाहरण त्याहूनही जुनं आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हॅम अंदमानला गेले होते. तिथून जगभरच्या हॅमशी संपर्क करायचा, एवढाच बेत. पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांचं तात्पुरतं स्टेशन चालू होतं आणि २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले. छंदासाठी लावलेल्या त्याच स्टेशनवरून मग मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना आपल्या माणसांची खबर मिळू लागली.

स्टेशन आधीच चालू होतं आणि चालवणाऱ्यांना सवय होती, म्हणून हे जमलं. फील्ड डे दर वर्षी हीच सवय लावतो.

भारतातून भाग घेता येतो का?

अर्धा. फील्ड डेमध्ये प्रवेशिका फक्त अमेरिका खंडातल्या हॅमना भरता येते. पण भारतातल्या हॅमने त्यांच्या हाकेला उत्तर दिलं, तर तो संपर्क त्यांच्या खात्यात धरला जातो.

त्यासाठी आधी परवाना हवा. भारतात तो केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते आणि त्याआधी परीक्षा द्यावी लागते. नुसतं ऐकून बघायचं असेल, तर शॉर्टवेव्हवर हॅमचे आवाज पकडणारे काही रिसीव्हर इंटरनेटवर फुकट ऐकता येतात.

पुढच्या जूनमध्ये चौथ्या शनिवारी रात्री साडेअकरानंतर १४ मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावून बघा. खरखरीतून ‘सीक्यू फील्ड डे’ आलं, तर समजा की हजारो किलोमीटरवर कुणीतरी झाडाला तार बांधून, बॅटरीवर रेडिओ लावून बसलंय.