भयपटातील चेटकीण आणि सातपुड्यातील डाकीण : जुन्या व नव्या भयपटांचा तुलनात्मक अभ्यास (मणिबेली परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : भयपट, चेटकीण, डाकीण प्रथा, विस्थापन, मणिबेली.

प्रस्तावना :
भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात भयपट हा प्रकार दीर्घकाळ उपेक्षित राहिला. जुन्या व नव्या भयपटांची तुलना झालीच, तर ती बहुधा तंत्राच्या अंगाने होते. जुन्या चित्रपटातील छायाप्रकाश श्रेष्ठ की आजची संगणकीय दृश्ये, एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित राहते. वास्तविक पडद्यावरील भीती ही समाजात आधीपासून रुजलेल्या समजुतींवर उभी असते. त्यामुळे प्रेक्षक किती घाबरला, याबरोबरच त्या भीतीचा दोष कोणाच्या माथी मारला गेला, हेही पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे निवडक चित्रपटांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. जुन्या व नव्या भयपटांतील भीतीचे मूळ शोधणे.
२. चेटकिणीच्या चित्रणात झालेला बदल तपासणे.
३. या बदलाचा सातपुड्यातील सामाजिक वास्तवाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

मणिबेली परिसराची पार्श्वभूमी :
मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदेच्या काठी वसलेले आदिवासी गाव होय. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी बुडिताचा तडाखा प्रथम मणिबेलीला बसला. परिसरातील शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही जलाशयात गेले. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य देऊ नये, अशी मागणी करणारा १९९४ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

सातपुड्याच्या या पट्ट्याला आणखी एका दुःखद वास्तवाचा संदर्भ आहे, तो म्हणजे डाकीण प्रथा. घरात मूल दगावले, गुरे मेली, आजार हटेना, की त्याचे कारण एखाद्या स्त्रीच्या ठायी शोधले जाते. भगताने बोट दाखविले की तिला मारहाण, बहिष्कार, प्रसंगी गाव सोडणे व मृत्यूही सोसावा लागतो. ही समजूत केवळ आदिवासी समाजाची आहे असे मानणे चुकीचे ठरेल. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत हजारो स्त्रियांना चेटकीण ठरवून ठार मारण्यात आले. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये संमत केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे असह्य करणे हा गुन्हा आहे.

ओस पडलेली भूमी आणि दोषी ठरविलेली स्त्री ही भयपटाचीही दोन प्रमुख आलंबने आहेत. म्हणून मणिबेली परिसराच्या संदर्भात या चित्रपटांकडे पाहणे उपयुक्त ठरते.

जुने भयपट :
हिंदीतील आरंभीच्या गूढपटांत भूत बहुधा खरे नसे. बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) मध्ये कमाल अमरोही यांनी पुनर्जन्माचा आभास निर्माण केला. परंतु हवेलीत वावरणारी ती स्त्री अखेर माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२) व ‘वह कौन थी’ (१९६४) या चित्रपटांतही अद्भुताच्या पडद्याआड माणसांचेच डाव असतात. प्रेक्षक भीतीचा आनंद घेई आणि शेवटी विवेकाकडे परत येई.

रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ही चौकट मोडली. आता भूत खरे झाले. त्यांच्या ‘वीराना’ (१९८८) या चित्रपटाच्या आरंभी जंगलातील नकिता या चेटकिणीला पकडून ठाकूर फाशी देतो. पुढे तिचा आत्मा ठाकुराच्या घरातील मुलीला झपाटतो. चेटकीण खरोखरच दुष्ट असल्याचे प्रेक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेले असल्यामुळे चौकशीविना दिलेली ती फाशी त्याला न्याय्य वाटते. ज्या प्रदेशात एखाद्या विधवेला अशाच संशयावरून घराबाहेर ओढले जाते, तेथे या दृश्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

याच कालखंडात एक लक्षणीय अपवाद आढळतो. अरुणा राजे व विकास देसाई दिग्दर्शित ‘गहराई’ (१९८०) या चित्रपटाच्या लेखनात विजय तेंडुलकर यांचा सहभाग होता. बंगळुरूतील एक सुखवस्तू गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्यासाठी विकतो. ती जमीन कसणारा राखणदार बसवा या व्यवहाराने उद्ध्वस्त होतो. त्यानंतर मालकाची मुलगी झपाटली जाते आणि तिच्या तोंडून बापाची जुनी पापे बाहेर पडतात. मांत्रिकाच्या हाती होणारी त्या मुलीची विटंबनाही हा चित्रपट दाखवितो. जमिनीचा कागदोपत्री मालक आणि तिच्याशी जीव जोडलेला माणूस यांतील अंतर हेच येथे भीतीचे मूळ आहे. नर्मदाकाठच्या विस्थापितांना हे अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

नवे भयपट :
नव्या शतकात राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (२००३) ने हवेली सोडून मुंबईतील सदनिकेत प्रवेश केला. झपाटणारी स्त्री येथे खुनाचा बळी आहे आणि तिची मागणी न्यायाची आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटात हे सूत्र अधिक ठळक झाले. उसाच्या फडातील एकाकी घरात आलेल्या गर्भवतीला प्रथम भुतांची भीती वाटते. कथा उलगडताना खरा धोका मुलगी नको म्हणून जीव घेणाऱ्या घरातील माणसांचा असल्याचे कळते. येथे चेटकिणीचा डाग लावणाऱ्यांचाच अपराध उघड होतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) मध्ये १९१८ पासून स्वातंत्र्योत्तर काळापर्यंतचा कोकणातील वाडा दिसतो. हस्तर हा राक्षस त्यात असला तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे खाणारी शक्ती हाव हीच आहे.

तथापि नवे ते सर्व पुरोगामी, असा निष्कर्ष काढता येणार नाही. ‘शैतान’ (२०२४) मध्ये वशीकरण ही प्रत्यक्षात चालणारी विद्या म्हणूनच पडद्यावर येते. उलट बेंजामिन क्रिस्टेनसेन यांच्या ‘हेक्सन’ (१९२२) या मूकपटाने शंभर वर्षांपूर्वीच चेटकीण ठरविलेल्या स्त्रियांची बाजू मांडून त्यांचा छळ करणाऱ्या न्यायव्यवस्थेवर बोट ठेवले होते.

निष्कर्ष :
१. भयपटांची जुने व नवे ही विभागणी कालानुक्रमासाठी सोयीची असली, तरी मूल्यमापनासाठी अपुरी आहे. ‘हेक्सन’ व ‘गहराई’ हे जुने चित्रपट ‘लपाछपी’ला अधिक जवळचे आहेत, ‘वीराना’ व ‘शैतान’ यांची जातकुळी एक आहे.
२. पहिला वर्ग भीतीचे कारण माणसाच्या कृतीत शोधतो, तर दुसरा ते करणीत शोधतो आणि भगताच्या निवाड्याला नकळत पुष्टी देतो.
३. अलीकडच्या मराठी भयपटाचे सामर्थ्य पहिल्या वर्गात आहे. मात्र त्याने बहुतांशी कोकण व उसाचा पट्टाच पाहिला आहे. सातपुड्यातील डाकीण ठरविलेली स्त्री आणि पाण्याखाली गेलेली गावे अद्याप या पडद्यावर अभावानेच आली आहेत.
४. अशी कथा चित्रित झाल्यास ती त्या स्त्रीच्या दृष्टीने सांगितली जाणे आवश्यक आहे. तिच्यासाठी रात्री दारावर पडणारी थाप भुताची नसते. ती ओळखीच्या माणसांची असते.